पेन अ वॅनची नालाकार डोंगरधार : आखणी उतरणीपासून मागे कशी न्यावी

दक्षिण वेल्समधील बॅनाय ब्रखाइन्यॉग या राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे २०२३ पर्यंत ज्याला सरसकट ब्रेकन बीकन्स म्हटले जाई तेथे, कार्डिफ, ब्रिस्टल किंवा लंडनहून जाणारे आपले मराठी गट एक चूक हमखास करतात. ते चढाईची आखणी घरी करतात आणि परतीचे माथ्यावर गेल्यावर बघू असे म्हणतात. चढलेल्या वाटेनेच उतरायचे असेल तर ही सवय खपून जाते. गोलाकार चालीत मात्र माथा गाठला तेव्हा जेमतेम निम्मे अंतर झालेले असते, पुढे एक तीव्र उतार, एक नवा चढ आणि पुन्हा एक उतार शिल्लक असतो, आणि तोपर्यंत दुपारचा एक वाजून गेलेला असतो. म्हणून येथे आखणीचा क्रम उलटा ठेवला आहे : आधी कुठून आणि किती वाजता खाली यायचे ते ठरवावे, मग वर जाण्याचे पाहावे.

उदाहरण म्हणून नायअद जलाशयांच्या खोऱ्याला घोड्याच्या नालेसारखा वेढा घालणारी डोंगरधार घेतली आहे. खोऱ्याच्या दक्षिण तोंडाशी, पाँटस्टिकिल गावाच्या वर टाफ वेखन जंगलाच्या बाजूला गाडी लावायची, पश्चिमेकडील ग्राइग वॅन दी धारेवर चढायचे, धारेवरून उत्तरेला कॉर्न डी (८७३ मीटर) आणि पेन अ वॅन (८८६ मीटर) ही शिखरे गाठायची, पूर्वेला क्रिबिन (७९५ मीटर) ओलांडून बुल्ख आर अ वॅन या ५९९ मीटर उंचीच्या खिंडीत उतरायचे आणि तेथून जुन्या दगडी गाडीवाटेने दक्षिणेला गाडीपाशी यायचे. खिंडीपलीकडचे वॅन अ बिग हे शिखर ऐच्छिक आहे. ते धरून चाल सुमारे १५ किलोमीटर आणि एकूण चढ सुमारे ७५० मीटर होतो.

टप्पा १ : मार्ग नावावरून नव्हे, जमिनीवरून निवडावा

‘नालाकार धार’ हा शब्द वेल्समध्ये अनेक मार्गांना लावला जातो आणि त्यातून मोठा घोटाळा होतो. उत्तर वेल्समधील यर विद्वा, म्हणजे स्नोडन, या शिखराचीही नालाकार चाल प्रसिद्ध आहे. पण तिच्यात क्रिब गॉख नावाची ९२३ मीटर उंचीची कातळधार येते, जिथे हातांचा आधार घेत, दोन्ही बाजूंच्या खोल दरीवर नजर ठेवत पुढे सरकावे लागते. पेन अ वॅनच्या धारेवर तसे काही नाही. तिथे सगळे अंतर पायांनी चालायचे आहे. छायाचित्रात दोन्ही ठिकाणी गवत, धुके आणि आकाश सारखेच दिसते. त्यामुळे एकीचा अनुभव घेऊन पुढच्या महिन्यात दुसरीवर जाणारे लोक भेटतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते कुठे अडकले होते हे कळते.

दुसरा गैरसमज उंचीचा. ज्याने कळसूबाई (१६४६ मीटर) पावसात केली आहे त्याला ८८६ मीटर म्हणजे टेकडी वाटते. चढ म्हणून पाहिले तर वाटणे चूक नाही. फरक वाऱ्याचा आणि थंडीचा आहे. सह्याद्रीत पावसाने चिंब भिजले तरी अंग गरम राहते, भिजणे हा मजेचाच भाग असतो. येथे पाच अंश तापमानात ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ते उणे एक अंशासारखे लागते, आणि अंगावरचे कपडे ओले असतील तर काही वेळातच माणूस बोलताना अडखळू लागू शकतो. आणखी एक फरक सवयीचा आहे : पायथ्याच्या वाडीतला वाटाड्या येथे मिळत नाही. वाट दाखवण्याचे काम नकाशालाच करावे लागते.

*तपासणी : गटातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीने गेल्या दोन महिन्यांत एका दिवसात १२ किलोमीटर चढउताराची चाल केली आहे का? नसेल तर आधी ती करावी. हा मार्ग कुठे पळून जात नाही.*

टप्पा २ : कागदी नकाशा घ्यावा आणि त्यावर पेन्सिलने काम करावे

या भागासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा एक्सप्लोरर मालिकेतील ओएल १२ हा १ : २५,००० प्रमाणाचा नकाशा घ्यावा. या प्रमाणात नकाशावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर, आणि निळ्या चौकटीची प्रत्येक बाजूही तेवढीच असते. गुगल मॅप्सवर डोंगराची वाट शोधू नये. ते रस्त्यांसाठी आहे. फोनवर ऑर्डनन्स सर्व्हेचे ॲप जरूर ठेवावे आणि घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा उतरवून घ्यावा, पण त्याला दुसरे साधन समजावे. थंडीत फोनची बॅटरी कशी बसते हे एकदा पाहावे लागते : माझ्या हातातला फोन कॉर्न डीवर ४० टक्क्यांच्या पुढे होता, दोन छायाचित्रे काढली आणि पडदा काळा झाला. खिशात, अंगाच्या उबेत ठेवल्यावर तो खाली पुन्हा सुरू झाला, जेव्हा त्याचे काहीच काम उरले नव्हते.

नकाशा मिळाल्यावर पुढील क्रमाने काम करावे.

१. आपला पूर्ण मार्ग पेन्सिलने हलका रेखावा. हिरव्या तुटक रेषा म्हणजे चालण्याचा कायदेशीर हक्क असलेली वाट. काळ्या तुटक रेषा म्हणजे जमिनीवर दिसणारी पायवाट. हिरवी रेषा आहे म्हणून जमिनीवर वाट दिसेलच असे नाही, आणि काळी रेषा नाही म्हणून वाट नसेलच असेही नाही. डोंगरमाथ्याचा बहुतांश भाग खुल्या प्रवेशाचा असल्याने हक्काचा प्रश्न सहसा पायथ्याच्या कुरणांतच येतो. तिथले फाटक जसे सापडले तसेच, उघडे असल्यास उघडे आणि बंद असल्यास बंद ठेवावे.

२. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, कुठे एकमेकींना चिकटल्या आहेत तिथे छोटी फुली मारावी. या मार्गावर अशा फुल्या चार ठिकाणी पडतात : ग्राइग वॅन दीचा पहिला चढ, पेन अ वॅनवरून क्रिबिनकडे उतरणारी वाट, क्रिबिनचा चढ, आणि क्रिबिनवरून खिंडीत येणारा उतार.

३. मार्ग पाच तुकड्यांत तोडून प्रत्येकाचे अंतर, चढ आणि होकायंत्राची दिशा एका कार्डावर लिहावी. वेल्समध्ये सध्या चुंबकीय उत्तर आणि नकाशावरची उत्तर यांतील फरक फार थोडा आहे. नकाशाच्या कडेला तो छापलेला असतो, तेवढा एकदा पाहून घ्यावा.

४. कार्ड आणि नकाशा, मार्गाचा भाग वर येईल अशी घडी घालून, झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवावे. वाऱ्यात नकाशा उलगडण्याची वेळ येऊ देऊ नये.

नावे वाचायला शिकण्यात दहा मिनिटे घालवावीत, कारण वेल्श नावात जमिनीचे वर्णन असते. बुल्ख म्हणजे खिंड, कूम म्हणजे डोंगराच्या कुशीतले खोरे, क्राइग म्हणजे कडा, केवन म्हणजे पाठ किंवा धार, नांट म्हणजे ओढा, ल्लिन म्हणजे तळे, आणि डी म्हणजे काळा. अडचण लिपीची आहे. नकाशावर इंग्रजी ‘एफ’ एकेरी लिहिलेले असेल तर वेल्शमध्ये त्याचा उच्चार ‘व’ होतो. म्हणून ज्याला आपण ‘फॅन’ वाचतो तो ‘वॅन’ असतो. ‘डब्ल्यू’ हा बहुतेक वेळा स्वर असतो, म्हणून कूम. ‘डी’ हे इंग्रजी अक्षर दोनदा जोडून आले की उच्चार मऊ ‘द’च्या जवळ जातो. संकटात फोनवर ठिकाण सांगताना किंवा समोरून येणाऱ्या स्थानिक माणसाला वाट विचारताना याचा थेट उपयोग होतो.

टप्पा ३ : कोणत्या दिशेने फिरायचे ते ठरवावे

हा मार्ग घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिला चढ गवताळ, उभा आणि ओला असतो; असा उतार सकाळी ताज्या पायांनी चढणे सोपे, पण संध्याकाळी थकलेल्या गुडघ्यांनी उतरणे धोक्याचे. उलट, बुल्ख आर अ वॅनमधून दक्षिणेला येणारी गाडीवाट रुंद, मंद उताराची आणि सलग आहे. धुक्यात किंवा बॅटरीच्या उजेडात ती सुटण्याची शक्यता सर्वांत कमी. दिवसाचा शेवटचा तुकडा नेहमी असा असावा, की डोके चालेनासे झाले तरी पाय चालत राहतील.

वाऱ्याची दिशाही पाहावी. येथे वारा बहुधा नैऋत्येकडून वा पश्चिमेकडून येतो, आणि या क्रमाने चालल्यास दक्षिणोत्तर धारेवर तो डावीकडून, तर कॉर्न डीनंतर साधारण पाठीमागून लागतो. अंदाजात जोरदार ईशान्य किंवा पूर्वेचा वारा असेल, तर माथ्यानंतरचा सगळा भाग तोंडावर वारा घेत करावा लागेल हे गृहीत धरून अंतर कमी करावे.

टप्पा ४ : वेळेचे गणित शेवटाकडून मांडावे

डोंगरातील वेळेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला नियम आजही वापरला जातो : दर ५ किलोमीटरला एक तास, आणि त्यात दर १०० मीटर चढाला दहा मिनिटे मिळवायची. या मार्गासाठी तो हिशेब ३ तास अधिक १ तास १५ मिनिटे, म्हणजे ४ तास १५ मिनिटे होतो. हा आकडा पाहून लोक दहा वाजता नाश्त्याला बसतात. हा नियम एकट्या, सरावाच्या, न थांबणाऱ्या माणसाचा आहे. सहा-आठ जणांच्या मिश्र गटासाठी वेग ताशी ४ किलोमीटर धरावा, चढाची भर तशीच ठेवावी आणि थांबण्यासाठी एक ते सव्वा तास वेगळा काढावा. मग एकूण वेळ सव्वासहा तासांच्या आसपास येतो, आणि तो खरा असतो.

आता नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारचे उदाहरण घेऊ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे गेलेली असतात आणि सूर्यास्त साडेचारच्या थोडा पुढे होतो. सूर्यास्ताआधी एक तास गाडीपाशी असावे, म्हणून शेवटची वेळ ३:३०. खिंडीतून गाडीपर्यंत साधारण साडेचार किलोमीटर, म्हणजे सव्वा तास. तर खिंड सोडण्याची वेळ २:१५. पेन अ वॅनवरून क्रिबिनमार्गे खिंडीत यायला अंतर कमी असले तरी दोन तीव्र उतार आणि १३० मीटरचा चढ असल्याने सव्वा तास. तर पेन अ वॅन सोडण्याची वेळ १:००. गाडीपासून पेन अ वॅनपर्यंत सुमारे सात किलोमीटर आणि ५०० मीटर चढ, थांबे धरून सव्वातीन तास. तर चालायला सुरुवात ९:४५ ला, आणि हाताशी थोडी सूट ठेवून ९:३० ला.

लंडनहून मर्थर टिडविलमार्गे येथे यायला गाडीने तीन ते साडेतीन तास लागतात. म्हणजे घर पहाटे साडेपाचला सोडावे लागेल. ते जमणार नसेल तर आदल्या रात्री ब्रेकन किंवा मर्थरला मुक्काम करावा. निघण्याची वेळ पुढे ढकलून मार्ग तोच ठेवणे, हा तिसरा पर्याय नाही.

वॅन अ बिगसाठी जाऊन-येऊन पाऊण तास लागतो. वरच्या उदाहरणात खिंडीत दीड वाजेपर्यंत पोहोचलो तरच ते करावे. ही अट घरीच कार्डावर लिहावी, कारण खिंडीत उभे राहिल्यावर ते शिखर इतके जवळ दिसते की कुणीतरी ‘पंधरा मिनिटांचे तर काम आहे’ असे म्हणतेच.

*तपासणी : कार्डावर तीन वेळा ठळक लिहिल्या आहेत का? चालायला सुरुवात, पेन अ वॅन सोडणे, खिंड सोडणे.*

टप्पा ५ : मधूनच बाहेर पडण्याच्या वाटा शोधून ठेवाव्यात

गोलाकार मार्गात परत फिरणे आणि पुढे जाणे यांतील निवड प्रत्येक तासाला बदलते. त्यामुळे प्रत्येक तुकड्यासाठी बाहेर पडण्याची वाट आधीच नकाशावर वेगळ्या रंगाने काढावी.

पहिल्या धारेवर असताना परत फिरणे हाच उत्तम मार्ग, फक्त गवताळ उतारावर घाई करू नये. कॉर्न डीच्या अलीकडे बुल्ख डीविंट येथे पश्चिमेला उतरणारी रुंद, फरसबंद वाट मिळते. ती पाँट आर डाव येथील वाहनतळावर, ए-४७० या मोठ्या रस्त्यावर नेते. आजारी किंवा थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला घेऊन जायला ही वाट सर्वांत भरवशाची आहे, कारण तिच्यावर बहुतेक दिवशी माणसे असतात आणि खाली रस्ता आहे. पण गाडी डोंगराच्या दुसऱ्या बाजूला राहते. तिथून टॅक्सी बोलवावी लागेल, म्हणून मर्थरच्या दोन टॅक्सीवाल्यांचे क्रमांक कागदावर असावेत. कार्डिफ-मर्थर-ब्रेकन अशी टी-४ बस त्याच रस्त्याने जाते. तिच्या त्या दिवसाच्या वेळाही कार्डावर घ्याव्यात.

पेन अ वॅन आणि क्रिबिन यांच्यामधील खोलगट भागात पोहोचल्यावर वेळ किंवा दम उरला नसेल तर क्रिबिनच्या माथ्यावर जाऊ नये. त्याच्या दक्षिण अंगाने आडवी जाणारी पायवाट थेट बुल्ख आर अ वॅनला मिळते. अर्धे अधिक गट या वाटेचा विचारच करत नाहीत, कारण समोर क्रिबिनचा सुळका दिसत असतो आणि त्याला टाळणे कमीपणाचे वाटते.

*इशारा : त्या खोलगट भागातून दक्षिणेला खाली जलाशय दिसतो आणि त्याच्याकडे सरळ उतरावेसे वाटते. तिकडे वाट नाही. घोट्याएवढी, कधी गुडघ्याएवढी दलदल आणि गवताचे उंच पुंजके आहेत. तासाभराचे अंतर तिप्पट होते. उत्तरेला कूम सेरेकडे तर कडाच आहे.*

टप्पा ६ : हवामान तीनदा पाहावे

शहराचे हवामान पाहू नये. ब्रिटिश हवामान खात्याचा डोंगरासाठीचा स्वतंत्र अंदाज आणि ‘माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिस’चा अंदाज, असे दोन्ही वाचावेत. त्यांत माथ्यावरचा वारा, ढगांची खालची पातळी आणि गोठणपातळी, म्हणजे ज्या उंचीवर तापमान शून्य अंशावर येते ती, दिलेली असते. पहिल्यांदा तीन दिवस आधी पाहावे आणि जायचे की नाही याचा कल ठरवावा. दुसऱ्यांदा आदल्या संध्याकाळी पाहून मार्ग नक्की करावा. तिसऱ्यांदा सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी.

माझे आकडे असे आहेत. माथ्यावरचे झोत ताशी ४० मैलांच्या पुढे असतील तर धारेवर जाऊ नये. अशा वाऱ्यात पाऊल टाकलेले तिथेच पडेल याची खात्री नसते. ढग ६०० मीटरच्या खाली असतील आणि गटात होकायंत्र वापरता येणारी किमान दोन माणसे नसतील तर जाऊ नये. गोठणपातळी माथ्याच्या खाली असेल आणि बर्फ पडलेला असेल तर हा मार्ग वेगळाच होतो : उत्तरेच्या कड्यांवर वाऱ्याने साचलेल्या बर्फाची पोकळ झालर बाहेर येते, वरून ती जमिनीसारखीच दिसते, आणि तिथे बर्फाची कुऱ्हाड व बुटांचे खिळे वापरण्याचे शिक्षण नसलेल्याचे काम नाही.

उन्हाळ्यालाही हलके घेऊ नये. या धारेवर सावली नाही आणि माथ्यावर पाणी नाही. जुलै २०१३ मध्ये याच डोंगरांत लष्करी निवडचाचणीच्या चालीदरम्यान उष्म्याने तीन राखीव सैनिकांचा जीव गेला. ते सगळे धडधाकट होते. २५ अंशांपुढे प्रत्येकी तीन लिटर पाणी घ्यावे.

टप्पा ७ : सामान

येथे एकच तत्त्व आहे : चालण्यासाठी लागणारे कपडे वेगळे आणि थांबून राहण्यासाठी लागणारे वेगळे. चालताना अंग तापलेले असते, म्हणून लोक हलके कपडे घालून निघतात आणि ते बरोबरच आहे. पण कुणाचा पाय मुरगळला की सगळा गट एका जागी दोन-तीन तास बसतो, आणि त्या वेळेसाठी सॅकमध्ये काहीच नसते.

जीन्स आणि सुती टी-शर्ट घालू नयेत. सुती कापड पाणी धरून ठेवते. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा आतला थर, त्यावर फ्लीस, वर पाणी अडवणारे जाकीट आणि तशीच पँट, असा क्रम असावा. पाणी अडवणारी पँट नसलेले लोक नेहमी भेटतात. छत्री मात्र त्यांच्याकडे असते. घोटा झाकणारे, खोल नक्षीच्या तळाचे बूट. टोपी, हातमोजे आणि हातमोज्यांचा दुसरा जोड, कारण पहिला भिजतोच आणि बधिर बोटांनी सॅकची झिपसुद्धा उघडत नाही. प्रत्येकाकडे स्वतःची डोक्याला बांधायची बॅटरी आणि शिट्टी. गटाला मिळून एक प्रथमोपचार पेटी, पॉवर बँक आणि सर्वांना आत बसता येईल असा तंबूच्या कापडाचा हलका आडोसा, जो येथील गिर्यारोहण साहित्याच्या दुकानात मिळतो.

खाण्याचे म्हणाल तर वाऱ्यात दोन डबे, चमचे आणि लोणच्याची बरणी काढून बसता येत नाही. हातमोजे न काढता खाता येईल असे घ्यावे : तिळाची वडी, शेंगदाण्याची चिक्की, गुंडाळी केलेली गुळपोळी, तूप लावलेला मेथीचा ठेपला. थर्मासमध्ये गरम चहा प्रत्येकी दोन कप होईल इतका. दशम्या करणाऱ्यांनी त्या आदल्या रात्री एकेक करून फॉइलमध्ये गुंडाळाव्यात, एकत्र चळत करू नये.

टप्पा ८ : निरोप आणि गाडी

घरी असलेल्या एका व्यक्तीला लेखी निरोप ठेवावा : गाडीचा क्रमांक, ती कुठे लावणार, मार्गाचा क्रम, किती जण, परत येण्याची वेळ, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचे. शेवटची वेळ अपेक्षित वेळेपेक्षा दोन-अडीच तासांनी पुढची असावी. ‘संध्याकाळी येतो’ हा निरोप नव्हे.

पाँटस्टिकिलहून वर येणारा रस्ता अरुंद आहे आणि गाडी लावायला जागा मोजकी. शेताच्या फाटकासमोर किंवा रस्त्याच्या वळणावर गाडी लावू नये. जागा मिळाली नाही तर काय करायचे, हेही आधीच ठरवावे.

निघण्यापूर्वी फोनवरून ९९९ या क्रमांकाला ‘रजिस्टर’ असा संदेश इंग्रजीत पाठवून आणीबाणीच्या संदेशसेवेसाठी नोंदणी करून घ्यावी. बोलणे जमेल इतका सिग्नल नसतानाही संदेश कधी कधी जातो, पण नोंदणी आधी केलेली असेल तरच.

टप्पा ९ : धारेवर चालताना

पहिला चढ मुद्दाम सावकाश करावा. बोलता बोलता चढता येत नसेल तर वेग जास्त आहे. धारेवर पोहोचल्यावर, घाम सुकण्याआधी, वरचा थर चढवावा.

यापुढे दिशेची एक साधी खूण लक्षात ठेवावी. ग्राइग वॅन दीवरून उत्तरेला जाताना जलाशयाचे खोरे आणि कडा उजव्या हाताला असतात. कॉर्न डी ओलांडल्यावर हे उलटते : तिथून पेन अ वॅन आणि पुढे क्रिबिनपर्यंत मोठा कडा डाव्या हाताला, उत्तरेकडे असतो. धुक्यात दरी दिसली नाही तरी तिच्यातून वर येणारा वारा गालाला जाणवतो. कडा भलत्या हाताला आला, तर थांबून नकाशा काढावा.

सर्वांत जास्त चुका पेन अ वॅनच्या माथ्यावर होतात, आणि त्याचे कारण माथा सपाट आहे. फलकाजवळ छायाचित्रासाठी रांग लागते, लोक दगडांच्या ढिगाभोवती फिरतात, बसून खातात, पुन्हा उठतात, आणि तोवर कोण कोणत्या बाजूने आले हे विसरलेले असते. धुक्यात या माथ्यावरून उत्तरेकडची सोंड धरली जाते. केवन कूम ल्लुख नावाची ती सोंड चांगली मळलेली आहे, म्हणून संशयही येत नाही. ती कूम ग्वडीला, ब्रेकन शहराच्या बाजूला उतरते. गाडी तेव्हा डोंगराच्या नेमक्या पलीकडे असते.

म्हणून माथ्यावर पोहोचताच, छायाचित्राच्या आधी, पुढील गोष्टी क्रमाने कराव्यात. घड्याळ पाहून कार्डावरच्या वेळेशी ताडावे. होकायंत्रावर क्रिबिनकडे जाणाऱ्या वाटेची कार्डावर लिहिलेली दिशा लावून ठेवावी. सॅक त्या दिशेला तोंड करून ठेवावी. हे हास्यास्पद वाटते, पण उपयोगी पडते. निघताना पहिली पन्नास पावले होकायंत्राकडे पाहूनच टाकावीत आणि कडा डावीकडे आहे याची खात्री करावी.

उतरताना दगडी पायऱ्या आहेत, पण त्या ओल्या असल्या की गुळगुळीत होतात. पाय पूर्ण टेकवावा, टाच आधी मारू नये. पेन अ वॅनची छायाचित्रे बहुतेकांना कड्याच्या टोकावर हवी असतात. टोकापासून दोन पावले मागे राहावे. तिथली माती खालून पोखरलेली असते.

*तपासणी : क्रिबिनच्या पायथ्याशी सर्वांना मोजावे आणि विचारावे, माथ्यावरून की आडव्या वाटेने? सर्वांत थकलेल्या माणसाचे उत्तर ग्राह्य धरावे, आणि ते त्याला सर्वांसमोर विचारू नये.*

टप्पा १० : अडचण आली तर

वाट चुकली असे वाटले की पुढे जाऊ नये. शेवटची खात्रीची जागा आठवून तिथपर्यंत मागे यावे. कुणी थंडीने थरथरत असेल, अडखळत बोलत असेल किंवा चिडचिड करत असेल तर तो नखरा समजू नये. आडोशाला न्यावे, कोरडे कपडे चढवावेत, खाली सॅक घालून बसवावे, गोड खायला आणि कोमट प्यायला द्यावे.

मदत लागलीच तर ९९९ किंवा ११२ लावून आधी पोलीस मागावेत आणि मग माउंटन रेस्क्यू म्हणावे. थेट रुग्णवाहिका मागितल्यास ती रस्त्यावर येऊन थांबते. सांगण्याचा क्रम : जागेचा ग्रिड क्रमांक (नकाशावरच्या निळ्या चौकटींवरून काढलेला), काय झाले, किती जण, दुखापत काय, हवामान कसे, फोनची बॅटरी किती. ग्रिड क्रमांक वाचण्याचा सराव घरी करावा. पेन अ वॅनचा माथा एस-ओ ०१२ २१५ असा येतो, तो नकाशावर स्वतः काढून पाहावा. येणारे पथक स्वयंसेवकांचे असते आणि पायी वर यायला त्यांना वेळ लागतो, म्हणून कॉल केल्यावर जागा सोडू नये आणि फोन इतर कुणाशी बोलण्यात संपवू नये. फोन लागला नाही तर शिट्टी : मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट शांतता, मग पुन्हा सहा. रात्री हेच बॅटरीच्या उजेडाने.

खाली आल्यावर

गाडीपाशी पोहोचताच घरच्या माणसाला फोन करावा. पाँटस्टिकिलच्या वर सिग्नल मिळत नसेल तर मर्थरकडे उतरताना पहिल्या सिग्नलला करावा. नाहीतर पथक विनाकारण निघते. उन्हाळ्यात नेच्यांतून चालणे झाले असेल तर आंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, काखेत आणि कमरेच्या पट्ट्याखाली गोचीड चिकटली आहे का ते पाहावे. असल्यास बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी, तेल किंवा काडी लावू नये. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारा लाल चट्टा दिसला तर डॉक्टरांकडे जावे.

शेवटी कार्ड बाहेर काढून, लिहिलेल्या वेळांच्या शेजारी प्रत्यक्ष वेळा लिहाव्यात. आमच्या गटाच्या कार्डावर पेन अ वॅन सोडण्याची वेळ १:०० होती आणि खरी १:४० झाली. ती चाळीस मिनिटे पुरती छायाचित्रांच्या रांगेत आणि एका हरवलेल्या हातमोज्यात गेली होती. पुढच्या वेळी थांब्यांसाठी सव्वाऐवजी दोन तास धरले आणि वॅन अ बिग कार्डावरूनच काढून टाकले.